'रडून मिळवलेली सूट'? हार्डशिपच्या केसबद्दल थोडं सविस्तर

कृष्णाकाठ

परवा एडिसनकर यांनी लिहिलं होतं: "व्हिसा संपला की परत जायचं असतं. ते न करता दहा वर्षं दडून राहायचं, मग कोर्टात मुलांना पुढे करून रडायचं आणि ग्रीन कार्ड पदरात पाडून घ्यायचं. आम्ही रांगेत उभे राहणारे मूर्ख." त्याखाली बऱ्याच जणांनी 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलावल्या. मी दोन दिवस गप्प राहिले, आता राहवत नाही.

मी न्यू जर्सीत वकिलांसाठी मराठी-हिंदी कागदांचं इंग्रजी करून देते. जन्माचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, सातबारा, गावाकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, नातेवाइकांची पत्रं. त्यामुळे या केसेस आतून दिसतात. हार्डशिपची केस म्हणजे, मला घालवलंत तर माझ्या घरच्यांचे असाधारण हाल होतील, म्हणून हकालपट्टी रद्द करून ग्रीन कार्ड द्या, असा अर्ज.

एक म्हणजे, 'जाऊन मागितली आणि मिळाली' असं काही नसतं. आधी सरकारने तुमच्यावर हकालपट्टीची केस घालावी लागते, मग इमिग्रेशन जजपुढेच हा अर्ज करता येतो. दहा वर्षं सलग वास्तव्य लागतं, आणि नियमाप्रमाणे एनटीए (हकालपट्टीच्या केसची, कोर्टात हजर राहण्याची नोटीस) हातात पडली की ती मोजणी थांबते. वर्तन चांगलं हवं, ठरावीक गुन्हे नकोत. एवढं सगळं झाल्यावर हार्डशिप. तीही तुमची स्वतःची नाही. तुम्ही गावी परत जाऊन उपाशी राहिलात तरी कायद्याच्या लेखी ते शून्य. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेले नवरा-बायको, आईवडील, किंवा २१ च्या आतलं अविवाहित मूल, यांच्यावर काय कोसळणार तेवढंच मोजतात.

पूर्वी असं नव्हतं. सात वर्षं पुरत होती आणि माणसाचे स्वतःचे हालही धरले जात. १९९६ च्या कायद्याने ते काढलं, १ एप्रिल १९९७ पासून नवी पट्टी लागली. ती पट्टी किती उंच आहे ते २००१ च्या मॉनरियाल निकालात बघा. माणूस चौदाव्या वर्षी मेक्सिकोतून आलेला, वीस वर्षं अमेरिकेतच, मुलं अमेरिकन नागरिक, आईवडील ग्रीन कार्डवाले. अपील बोर्डाने नाही म्हटलं. घरातलं जवळचं माणूस देशाबाहेर घालवलं की कुटुंबाचे हाल होणारच, ते धरायचे नाहीत. त्याच्या पुष्कळ वरचे दाखवा. पुढच्याच वर्षी आंदाझोला निकालात एकट्या आईची सहा आणि अकरा वर्षांची दोन अमेरिकन मुलं होती. जजने सूट दिली होती, बोर्डाने ती काढून घेतली.

आता मी बघितलेलं एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. नवरा एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलेला इंजिनियर. २००८ च्या मंदीत नोकरी गेली. नोकरी गेल्यावर देशात राहायला ६० दिवस मिळतात ना आता, ते २०१७ पासून. तेव्हा एक दिवसही नव्हता. बायको पोटुशी होती. दुसरी नोकरी बघू, महिन्याभरात होईल, असं करत राहिले आणि राहूनच गेले. तो एका वाणसामानाच्या दुकानात मागच्या खोलीत पोती उचलू लागला. दोन मुलं तिथेच जन्मली. मोठी मुलगी अतिशय हुशार, धाकटा मुलगा ऑटिस्टिक, जवळजवळ न बोलणारा.

वकिलाकडे पहिल्या भेटीला ती बाई मुलीची प्रमाणपत्रं घेऊन आली होती. गणित, स्पेलिंग, व्हायोलिन, सगळं प्लॅस्टिकच्या कव्हरांत घालून. तिला वाटलं, मुलं किती चांगली वाढवली ते कोर्टाने बघितलं की झालं. वकिलाने ती फाइल हळूच बाजूला ठेवली आणि विचारलं, मुलाचे शाळेतले वर्तनाचे तक्ते आहेत का? ते होते. दर पंधरा मिनिटांनी मदतनीस बाई त्यात नोंद करायच्या: टेबलाखाली गेला, मनगट चावलं, चड्डी ओली केली, शांत, शांत, पुन्हा मनगट. हे कागद तिने सासूला कधी दाखवले नव्हते, बहिणीला नाही, इथल्या मैत्रिणींनाही नाही. ते सगळे निशाणीसकट पुराव्यात लागले. मुलीच्या वाट्याला एक ओळ आली.

एडिसनकर, याला तुम्ही रडणं म्हणता? रडण्याला तिथे किंमतच नाही. किंमत आहे ती तुमचं मूल इतर मुलांपेक्षा किती जास्त अडचणीत आहे याच्या कागदाला. नीट वाढलेली, धडधाकट, शाळेत पुढे असलेली मुलं असतील तर आईबापांची केस पडते. हा नियम बरोबर आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने तसं म्हणावं. पण ही सोपी पळवाट आहे असं पुन्हा म्हणू नका.

एडिसनकर

तुमचं लिहिणं मनाला लागतं, नाही म्हणत नाही. पण मुद्दा तिथेच आहे. त्या गृहस्थाची नोकरी गेली तेव्हा आमच्या कंपनीत चाळीस-पन्नास देशी लोकांची गेली. आमचा एक सहकारी गरोदर बायकोला घेऊन तीन आठवड्यांत नागपूरला परत गेला. घर, गाडी, सगळं टाकून. त्याला कुणी विचारलं का, की बाबा तुला हार्डशिप झाली का? त्याने नियम पाळला, म्हणून त्याच्यासाठी कुठलंच कलम नाही. ज्याने पाळला नाही त्याच्यासाठी कलम आहे, वकील आहे, आणि तुम्ही आहात.

आणि रांगेबद्दल बोलायचं तर भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग हीच एक हार्डशिप आहे. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाही हा नियम. आइसलँडला जन्मलेला काल आला आणि आज पुढे गेला. वडील गेले तेव्हा व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत येता येणार नाही या भीतीने मी अंत्यविधीला गेलो नाही. माझ्या या दुःखाचा अर्ज कुठल्या जजपुढे करू? माझ्यावर तर हकालपट्टीची केससुद्धा नाही, कारण मी काही चुकीचं केलेलं नाही!

खोपोली एक्सप्रेस

+१ एडिसनकर. रांगेवर वेगळा धागा काढा, आम्ही सगळे येतो.

सनद

शिकागोत इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) आहे, म्हणून दोन गोष्टींची भर.

वर्षाला जास्तीत जास्त ४,००० लोकांनाच ही सूट देता येते. सगळ्या देशांचे मिळून, अख्ख्या अमेरिकेत. कोर्टांत ३० लाखांच्या वर केसेस तुंबल्या आहेत, त्यापुढे हा आकडा ठेवून बघा. कोटा भरला की जजला मंजुरीचा निकाल जाहीरच करता येत नाही, राखून ठेवावा लागतो. सुनावणी संपवून दोन-दोन वर्षं निकालाची वाट बघणारे आमच्याकडे आहेत. या काळात मुलगा २१ चा झाला की संपलं, तो कायद्याने 'मूल' राहत नाही. बोर्डाने २०१२ च्या इसिद्रो निकालात तसं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे कोर्टाच्या दिरंगाईने केस हरता येते.

दुसरी गोष्ट हात जोडून सांगते. आपल्या देशी लोकांत 'दहा वर्षांचं ग्रीन कार्ड' म्हणून एक प्रकार विकला जातो. 'दहा वर्षं झाली ना तुम्हाला, मग फॉर्म भरू, आधी वर्क परमिट येईल.' असा थेट भरायचा फॉर्म नाही. हे लोक तुमच्या नावाने खोटा असायलमचा (आश्रयाचा) अर्ज टाकतात, तो फेटाळला की एनटीए निघते, आणि मग कोर्टात ४२बी, म्हणजे हा हार्डशिपचा अर्ज, भरतात. वर्क परमिट येतं हे खरं. पण जो माणूस कुणाच्या नजरेत नव्हता तो आता हकालपट्टीच्या केसमध्ये बसलेला असतो, आणि बरेचदा त्याची मुलं धडधाकट असतात. सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणी सही करू नका. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, म्हणून लोक स्वस्तातल्याकडे जातात आणि फसतात.

शाळाबाई

कृष्णाकाठ, तुम्ही त्या आईबद्दल जे लिहिलंत त्यावर मला काही म्हणायचं नाही. मला पुढचं विचारायचंय, जे तुम्ही लिहिलं नाहीत.

हे कोर्टाला पटवायला 'भारतात या मुलाचं काय होईल' हेही लिहावं लागतं ना? मी पुण्यात विशेष मुलांच्या शाळेत एकवीस वर्षं शिकवतेय. मध्यंतरी एका पालकाने असा एक अहवाल मला वाचायला पाठवला होता, नातेवाइकाच्या केसमधला. त्यात काय लिहिलं होतं? भारतात ऑटिझमला उपचार नाहीत. अशा मुलांना साखळीने बांधतात. शाळा घेत नाहीत. समाज शाप समजतो. लिहिणारा मानसोपचारतज्ज्ञ भारतात कधी आलेलाही नव्हता!

आमच्या आयुष्यभराच्या कामावर असं सरळ पाणी फिरवायचं? मुंबईत जय वकील संस्था १९४४ पासून आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, शिकण्यातल्या अडचणी आहेत, एकवीस प्रकार आहेत. सहा ते अठरा मोफत शिक्षणाचा हक्क आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा, बोलत नव्हता, आज एका बेकरीत खोकी भरतो आणि पगार आईच्या हातात देतो. तुम्हाला तुमच्या केसेस जिंकायच्यात म्हणून आमचा देश नरक ठरवायचा, आणि मग सुट्टीत त्याच नरकात लग्नाला यायचं. हे मला अजिबात मान्य नाही.

एडिसनकर

शाळाबाई, नेमकं! हेच म्हणतोय मी. स्वतःच्या देशाची बदनामी करून मिळवलेला कागद.

कृष्णाकाठ

शाळाबाई, साखळीने बांधतात असं मी भाषांतर केलेल्या कुठल्याही कागदात नव्हतं, आणि असतं तर मी वकिलाला टोकलं असतं. खोटं लिहिलेलं उलटतपासणीत उघडं पडतं, सरकारी वकील झोपलेले नसतात. तुम्ही वाचलात तो अहवाल वाईट होता.

पण मुद्दा 'भारतात काहीच नाही' हा नसतो. मुद्दा असतो, या मुलाला, या गावात, या आईबापांच्या ऐपतीत काय मिळेल. त्या घराला परत जायचं ते पुण्यात नाही. जत तालुक्यात जायचंय. तिथे त्या मुलाला आज मिळतं त्यातलं काय मिळेल? अमेरिकेत अशा मुलांच्या शिक्षणाचा १९७५ पासून कायदा आहे, आज तो तीन वर्षांपासून एकविसाव्या वर्षापर्यंत धरतो. सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही, आयईपी (त्या मुलापुरता शिक्षणाचा आराखडा) करावा लागतो, स्पीच थेरपी फुकट, मदतनीस फुकट, न्यायला बस. आईबाप कोण आहेत, कागद आहेत की नाहीत, कुणी विचारत नाही. हे लिहिणं म्हणजे देशाची बदनामी नाही.

धाराशिवकर

मी इथे लिहीत नाही सहसा. शाळाबाईंचं वाचून लिहावं लागलं.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. ऑटिझम. आम्ही परांड्याजवळ राहतो. निदान व्हायलाच साडेचार वर्षं गेली, तोवर 'मुलं उशिरा बोलतात' हेच ऐकलं. स्पीच थेरपीला सोलापूर. एसटीने जायचं, गर्दीत तो ओरडतो, लोक बघतात, एकदा कंडक्टरने उतरवलं. थेरपी पाऊण तास, प्रवास सगळा दिवस, माझी मजुरी बुडते ती वेगळी. दिव्यांग प्रमाणपत्राला बोर्डाच्या दिवशी जिल्हा रुग्णालयात पहाटेपासून नंबर. पहिल्या वेळी डॉक्टर रजेवर, दुसऱ्या वेळी 'याची टेस्ट इथे होत नाही'.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव आहे, हक्क आहे म्हणून. गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक येतात. माणूस चांगला आहे, पण त्याच्याकडे इतक्या शाळा आहेत की आमच्याकडे त्याची फेरी कधी होईल सांगता येत नाही. बाकीचे दिवस मुलगा मागच्या बाकावर बसतो किंवा बाई फोन करतात, घेऊन जा. तुमची शाळा पुण्यात आहे, बाई. पुणे म्हणजे महाराष्ट्र नव्हे. त्या जतच्या माणसाने कोर्टात जे सांगितलं असेल ते खरं असणार. मला कुणी विचारलं तर मी पण लिहून देईन.

शाळाबाई

धाराशिवकर दादा, तुमचं खोटं आहे असं कोण म्हणतंय? मी स्वतः बार्शी, करमाळ्याच्या पालकांना फोनवर घरी काय करायचं ते शिकवते, कुणाकडून पैसा न घेता. पण उत्तर काय? सगळ्यांनी अमेरिकेत जायचं? इथली व्यवस्था सुधारायची कुणी? आमच्या शाळेत प्रशिक्षित स्पीच थेरपिस्ट टिकत नाही, का माहितेय? दोन वर्षं अनुभव घेतात आणि परदेशी जातात. तुमच्या त्या 'फुकट' थेरपीत आम्ही शिकवलेल्या मुली काम करतात. मग परत आमच्याचकडे काही नाही म्हणून कोर्टात कागद लागतो. मला राग येतो तो याचा.

खोपोली एक्सप्रेस

थेरपिस्ट परदेशी जाणार नाही तर काय करणार? विशेष शिक्षकांना कंत्राटावर किती देतात ते एकदा लिहा की.

शाळाबाई

तेच म्हणतेय मी! राग सरकारवर काढा, देशावर नाही.

धाराशिवकर

बाई, मी देशावर राग काढला नाही. मी माझ्या मुलाचं सांगितलं. ते सांगितलं की देशाला लागतं, असं कसं?

लंडनचा पाऊस

मूळ विषयावर येतो. इथे ब्रिटनमध्येही ही भांडणं आहेत, पण पट्टी वेगळी. २०१४ च्या कायद्यातल्या कलमाप्रमाणे मूल ब्रिटिश असेल किंवा सात वर्षं इथे राहिलं असेल, आणि त्याने देश सोडावा ही अपेक्षा वाजवी नसेल, तर आईबापांना घालवणं सार्वजनिक हिताचं धरत नाहीत. गुन्ह्यासाठी डिपोर्ट होणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांची पट्टी कडक आहे. आणि २०११ च्या टांझानियाच्या बाईच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आईच्या वागण्याचा दोष मुलांवर टाकता येणार नाही. त्या बाईने खोटी नावं घेऊन अर्ज केले होते, तरीही.

फरक असा की इथे मुलाचं हित मूळ प्रश्न असतो. तिथे मुलाचे हाल इतर मुलांच्या हालांशी ताडून बघतात. होम ऑफिस (इथलं गृहखातं) काही संत नाही, फिया भरून भरून आम्ही मेटाकुटीला येतो. पण आजारी नसलेल्या मुलालाही इथे काही किंमत आहे.

रोखठोक जळगाव

एवढी चर्चा कशाला? ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, १०४ जण, हातापायांत बेड्या. त्यात तीन महाराष्ट्रातलेही होते. एजंटांना चाळीस-चाळीस लाख देऊन डंकीने (चोरट्या वाटेने) जायचं आणि मग हार्डशिप. चाळीस लाख असतील तर इथे काय कमी आहे?

कृष्णाकाठ

त्या विमानातल्या लोकांचा या कलमाशी काडीचाही संबंध नाही. बहुतेक जण सीमेवर पकडून लगेच परत पाठवलेले. दहा वर्षं सोडाच, जजचं तोंडही त्यांना दिसलं नसेल. आणि बेड्या घालण्याबद्दल तुम्हाला आनंद वाटत असेल तर तुमच्याशी माझं काही बोलणं नाही.

रोखठोक जळगाव

आनंद नाही वाटत. राग येतो. माझा मामेभाऊ शेत विकून गेला होता तसाच. पनामाच्या जंगलातून. परत आला तेव्हा शेतही नव्हतं. एजंट आजही इथे मोटारीत फिरतो. तुम्ही कोर्टाचे नियम सांगता, त्याला कुणी कधी असे नियम सांगितलेच नाहीत.

सनद

दादा, मामेभावाबद्दल वाईट वाटलं. एजंटच्या विरुद्ध तक्रार अजूनही करता येईल. पैसे दिल्याचा कसलाही कागद, फोनवरचे मेसेज असतील तर पुसू नका.

आता लंडनच्या पावसाला उत्तर. अमेरिकेतही सगळंच बंद नाही. २००२ मध्येच रेसिनास निकालात बोर्डाने हो म्हटलं. एकट्या आईची सहा मुलं, त्यातली चार नागरिक, बाप बघत नाही, मुलांना स्पॅनिश धड येत नाही, आजी-आजोबा ग्रीन कार्डवर अमेरिकेत, मेक्सिकोत कुणीच नाही. सगळं एकत्र धरून मंजूर केलं. तिथे कुणी आजारी नव्हतं. त्यामुळे धडधाकट मुलं असली की केस पडतेच, हे कृष्णाकाठताईंचं म्हणणं जरा ताणलेलं आहे. अवघड आहे, अशक्य नाही.

शिवाय मार्च २०२४ मध्ये विल्किन्सनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ठरवलं की हार्डशिप त्या पट्टीला पोचते की नाही हा प्रश्न वरच्या कोर्टाला तपासता येतो. त्याच्या मुलाला गंभीर दमा होता. आधी बरीच कोर्टं 'हे जजच्या मर्जीचं, आम्ही हात लावणार नाही' म्हणायची. पण जजने घटना काय मानल्या ते मात्र तपासता येत नाही. ते २०२२ च्या पटेल निकालापासून बंद आहे. तो आपला गुजराती माणूस, जॉर्जियात ड्रायव्हिंग लायसन्सच्या फॉर्मवर 'नागरिक' या चौकोनात खूण केली. चुकून केली म्हणाला, जजला पटलं नाही. ५ विरुद्ध ४ ने सुप्रीम कोर्ट म्हणालं, त्यात चूक असली तरी आम्ही बघू शकत नाही. म्हणून खालच्या कोर्टात काय नोंदवलं जातं त्यावर सगळी मदार. साक्षीला दुभाषी नीट नसला तर पुढे काही दुरुस्त होत नाही. आपल्या लोकांना 'हिंदी चालेल ना' म्हणून हिंदीचा दुभाषी देतात, आणि मग विदर्भातली एखादी बाई घाबरून 'हां जी, हां जी' करत बसते. मराठी मागा. मागण्याचा हक्क आहे.

कृष्णाकाठ

रेसिनास मला माहीत आहे, सनद. त्यानंतर वीस वर्षं जो तो वकील तीच एक केस जोडतो आणि जज म्हणतात, तुमची त्या बाईसारखी नाही. पण ठीक आहे, 'पडतेच' हा शब्द मागे घेते. 'बहुतेक पडते' म्हणा. दुभाष्याचं मात्र लाख बोललात.

एडिसनकर

दोन दिवस विचार करून लिहितोय. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना इथे आणली. २१ झाली की तिचा एच-४ (माझ्या व्हिसावर अवलंबून असलेला मुलांचा व्हिसा) संपतो आणि आमची रांग तोवर हलणार नाही हे मला माहीत आहे. मग तिला विद्यार्थी व्हिसा नाहीतर परत. परत म्हणजे कुठे? तिला कोल्हापूर म्हणजे आजीच्या घराची गच्ची, एवढंच माहीत आहे.

कृष्णाकाठ, तुमच्या त्या घरातली मुलगी नागरिक आहे, तिच्या नावाने निदान एक ओळ तरी लागली. माझ्या मुलीच्या नावाने कुठलीच ओळ लागत नाही. तिने, मी, तिच्या आईने, कुणीही कधी एक दिवस नियम मोडला नाही. म्हणून माझा राग जाणार नाही आणि तो गिळायला मला सांगू नका. ती बाई रडून सूट घेते असं मात्र मी पुन्हा लिहिणार नाही. ते तक्त्यांचं वाचलं. एवढंच.

कृष्णाकाठ

तुमच्या मुलीचं ऐकून खरंच वाईट वाटलं, आणि तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. फक्त तो त्या पोती उचलणाऱ्या माणसावर काढू नका. तुमची जागा त्याने घेतलेली नाही. हे ४,००० तुमच्या नोकरीच्या रांगेतून कापत नाहीत.

खोपोली एक्सप्रेस

आइसलँडवाल्यानेही घेतलेली नाही तसं बघितलं तर.

एडिसनकर

त्यावर वेगळा धागा काढतो, तिथे या. सोडणार नाही.

शाळाबाई

धाराशिवकर दादा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा. घरी करायचे खेळ आणि बोलण्याऐवजी वापरायची चित्रं पाठवली आहेत, छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. विशेष शिक्षक येतील तेव्हा त्यांनाही दाखवा.

कृष्णाकाठ, माझं मत बदललेलं नाही. आमच्या कामाबद्दल परदेशातला कुणीतरी न बघता लिहितो हे मला सहन होणार नाही. पण मग न बघता लिहिणाऱ्यांपेक्षा आम्हीच लिहिलेलं बरं. तुमच्या त्या किंवा दुसऱ्या कुठल्या केसला लागत असेल तर मी पत्र देईन: आमच्या शाळेत किती मुलं आहेत, प्रतीक्षा यादी किती, वसतिगृह नाही, जतहून रोज येणं शक्य नाही. त्याचबरोबर आम्ही काय करू शकतो तेही लिहीन. दोन्ही ठेवणार असाल तरच. अर्धं कापून लावलंत तर मी ते पत्र माझं नाही म्हणून सांगेन.

सनद

शाळाबाई, असं पत्र सोन्यासारखं असतं. काय होतं तेही लिहिलेलं असलं की जज त्यावर जास्त विश्वास ठेवतो. शाळेच्या लेटरहेडवर, तारीख, तुमचं शिक्षण, किती वर्षं काम, आणि शेवटी हे खरं असल्याचं प्रतिज्ञापूर्वक एक वाक्य. मराठीत लिहिलंत तरी चालेल.

कृष्णाकाठ

मराठीतच लिहा, भाषांतर मी करते आणि पूर्ण करते. त्या घराची सुनावणी झाली आहे, निकाल राखून ठेवलाय, त्यामुळे तिथे आता काही जोडता येईल का ते वकिलाला विचारावं लागेल. पण दुसरी एक केस आहे, मुलगी सात वर्षांची, आईवडील मूळचे माजलगावचे, तारीख पुढच्या वसंतात. तिच्यासाठी बीड जिल्ह्यात काय आहे आणि काय नाही हे कुणी माहितीतलं लिहून देईल का? डॉक्टर, शिक्षक, पालक, कुणीही. व्यनि करा.

धाराशिवकर

बीडमधला एक पालक ओळखीचा आहे. त्याला विचारून सांगतो. लिहिता येत नाही त्याला नीट, तो बोलेल, मी लिहून घेईन. चालेल का तसं?

कृष्णाकाठ

चालेल. त्याला वाचून दाखवल्याचं खाली लिहा आणि तुमची सही करा.